सुशीच्या तोंडची प्रतिज्ञा

सप्टेंबर लागला की माझी झोप दिवसातून दोनदा मोडते. एकदा पहाटे पाचाला, ती वयानं. दुसऱ्यांदा साडेदहाला, ती समोरच्या शाळेनं. पूजा, चहा, पेपर उरकून मी नांदेडच्या आमच्या गॅलरीत जरा डोळा मिटते, तोच शाळेचा भोंगा करकरतो आणि एक चिमुरडी साऱ्या कॉलनीला दम दिल्यासारखी सांगते, "भारत माझा देश आहे." मागून तीनशे लेकरं तेच म्हणतात. उरलेल्या महाराष्ट्रातली लेकरं पंधरा ऑगस्ट उरकून निवांत असतात. आमच्या मराठवाड्यात सतरा सप्टेंबरलाही झेंडा चढतो, त्यामुळं तालीम चालूच. देश सुटला त्यानंतर तेरा महिन्यांनी आम्ही निजामाच्या हातून सुटलो. उशिराची भरपाई म्हणून एक झेंडा जास्तीचा आणि त्याच्यामागं एक लाडू जास्तीचा.

एरवी मी त्या लेकरांबरोबर बसल्या बसल्या प्रतिज्ञा म्हणून टाकते. यंदा पहिल्याच वाक्यापाशी थांबले, कारण श्रावणात लातूरला माझ्या सुशीची वाचा गेली.

सुशी म्हणजे माझी चुलत बहीण, सुशीला. वारं गेलं अंगावरून. उजवा हात गेला, आणि त्याच्यासोबत बोलणं. कळतं सगळं, डोळ्यांनी भांडतेसुद्धा, पण तोंडातून शब्द नाही. गोदावरी वाहायची थांबली असं कुणी म्हणालं असतं तर मी एकवेळ मान डोलावली असती. सुशी मुकी झाली, हे ऐकून मी पश्याला फोनवर म्हणाले, "राँग नंबर." आणि ठेवून दिला. पश्या म्हणजे प्रशांत, तिचा मुलगा. त्यानं पुन्हा लावला.

माझ्या म्हणण्याचा अर्थ कळायला तुम्ही सुशीचा आवाज ऐकलेला पाहिजे. आमचं गाव अर्धापूरजवळ, केळीच्या बागांत बुडालेलं. सुशीनं शाळेच्या अंगणात "भारत" म्हटलं की बागांतले घड ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी पिकायचे. "पोरीला सुट्टीत आमच्या बागंत उभी करा," म्हणून बागवान आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. नांदेडची एसटी दीड कोसावरच्या फाट्यावर थांबायची. ड्रायव्हर इंजिन बंद करून सावधानमध्ये उभा. एकदा तर साऱ्या पॅसेंजरनं उजवे हात पुढं केले, कंडक्टरला वाटलं सगळेच सुट्टे मागताहेत, तो बिचारा घाबरून खाली उतरला. यातलं निम्मं खोटं आहे, असं सुशी म्हणायची. कुठलं निम्मं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात पश्याचा पुन्हा फोन. "मावशी, स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणतात, आईला जे अगदी तोंडपाठ हाय ते म्हणायला लावा. मनातलं बोलायची वाट बंद झाली तरी पाठ केलेल्याची वाट कधीकधी उघडी राहते म्हणं."

"मग लावा की."

"आरत्या झाल्या. रामरक्षा झाली. दोनाचा पाढा घेतला तर तोंड फिरवून भिंतीकडं बघती."

"पाढ्याच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं रे. दोनाचा पाढा तिनं आजवर ऐकलेलाच न्हाई."

"मग काय पाठ हाय तिला, मावशी? मॅडम म्हणल्या, पहिले काही महिने महत्त्वाचे. तुम्ही लहानपणापासनं बघून राहिल्या. सांगा ना."

पोराचा आवाज रडवेला झाला होता. समोरच्या शाळेत तेव्हाच ती चिमुरडी "सारे भारतीय" वर पोचली होती. मी पश्याला म्हटलं, "उद्या येते."

लातूरची गाडी लोह्याच्या पुढं निघाली की सप्टेंबर दोन्ही बाजूंनी पळायला लागतो. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं. मूग-उडीद निघून गेलेले, त्यांची काळी मोकळी रानं. घरांपुढं हिरवे मूग वाळत घातलेले. आमचा भादवा असाच असतो. ऊन पाठीत सुई टोचतं, ढग नुसते कडेला उभे राहून बघतात, आणि घराघरांत महालक्ष्म्यांची, म्हणजे तुमच्याकडच्या गौरींची, गडबड. महालक्ष्म्या म्हटलं की मला पुरणाचा वास आधी येत नाही. चिंचेनं घासलेल्या पितळेचा येतो.

कारण आमच्या घरातलं मोठं भांडण पितळेवरूनच झालं. माझे वडील, आण्णा, आणि सुशीचे वडील, म्हणजे माझे काका, वेगळे निघाले तेव्हा मी आणि सुशी चौथीत होतो. बाग वाटली, बैल वाटले, अगदी उखळ-मुसळसुद्धा वाटलं. उरले महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे, थोरली आणि धाकटी. रीत साऱ्या गावाला ठाऊक: देव थोरल्या भावाकडं राहतो, धाकट्यानं बायको-लेकरं घेऊन तीन दिवस तिथं यायचं. पण भांडणात रीत कुणाला आठवते? काका म्हणाले, "देवीबी तुझ्याच घरात का?" आण्णा तापट. त्यांनी धाकटीचा मुखवटा उचलला आणि काकांच्या हातात कोंबला. "घे! तुझी तू घे!"

शेताची वाटणी करणारे पुष्कळ. सख्ख्या बहिणींची वाटणी करणारे साऱ्या मराठवाड्यात आमचेच दोघे. मग दोघांनी गुपचूप नांदेडच्या बाजारातून एकेक नवी जोडीदारीण आणली. आमच्या घरी आलेली नवी धाकटी नाकानं इतकी फेंदारलेली की जुनी थोरली तिच्याशेजारी भेदरल्यासारखी दिसायची. आई तिला साडी नेसवताना हळूच विचारायची, "करमत न्हाई का गं बाई तुला?" मला वाटायचं मलाच विचारते.

कारण माझीही जोडी तुटली होती. वाटणीच्या संध्याकाळी आण्णांनी मला पुढ्यात उभं केलं. "आजपासनं त्या घराशी बोलायचं न्हाई. सुशीशी तर बिलकुल न्हाई. बोललीस तर माझ्या गळ्याची आण."

गळ्याची आण म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला पटकन कळणार नाही. आण मोडली की ज्याच्या गळ्याची असेल तो मरतो. इतकं साधं. माझ्या जिभेवर माझ्या बापाचा जीव ठेवलेला होता.

शाळा मात्र एकच होती. आणि शाळेत प्रतिज्ञा सांगायची ती सुशीनं, कारण दुसऱ्या कुणाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. मी बुटकी, म्हणून पहिल्या रांगेत पहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोर उभी राहिली, हात पुढं केला, थेट माझ्याकडं बघून म्हणाली, "भारत माझा देश आहे." आता आली का पंचाईत! हिनं सांगितलं आणि मी म्हटलं, तर ते बोलणं झालं की नाही? मी नुसते ओठ हलवले. सुशीच्या ते लक्षात आलं. तिचा चेहरा असा उतरला की मला अजून दिसतो.

मधल्या सुट्टीत मी गुरुजींना गाठलं. आमचे गुरुजी देगलूरकडचे, आई तेलुगू बोलणारी, त्यामुळं त्यांच्या मराठीला एक गोड हेलकावा होता.

"गुरुजी, प्रतिज्ञा म्हणली तर ते बोलल्यात धरत्यात का?"

"कुणाशी बोलल्यात?"

मी सुशीकडं बोट केलं. त्यांना सारं गाव ठाऊक होतं. ते डोकं खाजवत म्हणाले, "तू देशाशी बोलतीस गं. मधी सुशी उभी हाय, त्याला तू काय करणार?"

दुसऱ्या दिवशी मी हळूच म्हटलं. शाळा सुटेपर्यंत जीव टांगणीला. पळत घरी आले तर आण्णा ओट्यावर बसून केळं खात होते. तिसऱ्या दिवशी मी मोठ्यानं म्हटलं. आण्णांनी दोन केळी खाल्ली. मग मी धीट झाले.

मग ते वर्षभर आम्ही दोघी प्रतिज्ञेतूनच बोललो. दिवसात तेवढंच आमचं बोलणं. तिनं "माझ्या देशावर" घाईनं उरकलं की समजायचं, आज हिच्या घरी कुणीतरी रागावलंय. "समृद्ध" वर ती रेंगाळली की काकूनं काल धपाटे केले होते. मी "अभिमान आहे" तोऱ्यात म्हटलं की नवी बांगडी. "प्रत्येकाशी सौजन्याने वागेन" म्हणताना ती भुवया उडवायची, आणि मला हसू आवरायचं नाही. साऱ्या गावच्या चुगल्या आम्ही प्रतिज्ञेच्या सुरात केल्या आणि देशाला पत्ता लागू दिला नाही. बाकीच्या लेकरांना ती रोज एकच वाटायची. आमच्यासाठी एकही दिवस ती तीच नव्हती.

तेव्हा मला वाटायचं की प्रतिज्ञा सुशीनंच तयार केली आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती असायची, खाली लिहिणाऱ्याचं नाव नसायचं, मग दुसरं कोण असणार? पुष्कळ वर्षांनी वाचलं की ती आधी तेलुगूत लिहिली गेली. गुरुजींच्या आईच्या भाषेत! साठाच्या दशकात, तिकडं आंध्रातल्या एका सरकारी नोकरीतल्या माणसानं लिहिली आणि मग ती भाषेभाषेत गेली. साऱ्या देशाची लेकरं रोज सकाळी आपली वाक्यं म्हणतात, आणि आपण भाजी आणायला निघालोय, असं त्या माणसाला कधी वाटलं असेल का? मला त्याचं मोठं कौतुक वाटतं. हुकूम काढणारा माणूस "प्रेम करा" असं लिहितो. ह्यानं "माझे प्रेम आहे" असं लिहिलं आणि ते लेकराच्या तोंडी दिलं. म्हणणाऱ्याला आधी म्हणू दे, खरं सावकाश होईल, एवढा त्याचा माणसावर भरवसा.

आमच्याकडं खरं व्हायला सतरा सप्टेंबर उजाडावा लागला. आण्णा शाळा समितीत होते, म्हणून कडक धोतर नेसून पहिल्या रांगेत. काका त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला, मान फिरवून. झेंडा चढला आणि गुरुजींनी एकदम जाहीर केलं, "आज मोठ्या मंडळींनीबी म्हणायची. हात पुढं करा. सुशीला, सांग."

सारं गाव हात पुढं करून उभं राहिलं. कुणी डावा केला, कुणी दोन्ही. आमच्या पाटलांना वाटलं प्रसाद वाटणार, त्यांनी ओंजळ केली. पुढं दोन वेण्यांची, लाल रिबिनीची सुशी. तिनं पहिलं वाक्य सांगितलं. गावानं म्हटलं. आण्णांचं तोंड बंद. मी त्यांच्या कोपराशी उभी होते, मला दिसत होतं. तिनं दुसरं सांगितलं, "सारे भारतीय माझे बांधव आहेत." आण्णांनी रांगेच्या त्या टोकाकडं एकदा बघितलं. तोंड बंदच. तिसऱ्या वाक्याला सुशीचा आवाज किंचित कापला. तिचा आवाज कापलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. आण्णांसमोर उभी होती ती, ज्यांच्या खांद्यावर बसून तिनं आठ वर्षं जत्रा बघितल्या होत्या, आणि जे वर्षभर तिच्याकडं बघत नव्हते. आणि मग मला माझ्या डोक्यावरून एक घोगरा, खर्जातला आवाज आला, "माझ्या देशावर माझे प्रेम आहे."

सुशी सांगत होती आणि आण्णा म्हणत होते. शेवटच्या वाक्यापर्यंत. मी डोळे घट्ट मिटून घेतले. बापानं आपल्याच गळ्याची आण आपणच मोडली, आता धाडकन पडणार. पडले नाहीत. लाडू घेतला त्यांनी.

मग गुरुजींच्या जवळ जाऊन म्हणाले, "गुरुजी, ती निष्ठा का काय म्हणली पोरगी, म्हंजी इमानच ना?"

"हाव, इमानच."

"आमच्या टायमाला शाळंत राजाच्या सलामतीची दुवा मागावी लागं. हात बांधून. ह्यात राजा कुठं आला?"

"ह्यात राजाच न्हाई, आण्णा."

"मग इमान कुणाशी राखायचं?"

गुरुजींनी हनुवटीनं अंगण दाखवलं. कोंडाळ्यात माणसं लाडू खात होती, लेकरं धावत होती. कडेच्या लिंबाखाली काका एकटेच उभे होते.

"त्याच्याशीबी?" आण्णांनी विचारलं.

"यादी मी केलेली न्हाई," गुरुजी म्हणाले.

घरी येताना आण्णा पुढं, मी मागं. मग म्हणाले, "पोरगी लई खडं सांगती."

मी भीत भीत विचारलं, "आण्णा, आण?"

"कसली आण?"

"गळ्याची."

त्यांनी गळा चाचपून बघितला. "हाय की जागेवर. जा, चार केळी नेऊन दे तिला."

चार! मी अख्खी फणी उचलली आणि पळाले.

पुढच्या भादव्यात काका दुरडीत खणाखाली झाकून धाकटीला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आई दोघींना चिंचेनं घासता घासता रडत होती आणि रडता रडता काकूच्या नव्या लुगड्याला नावं ठेवत होती. पण बाजारातून आणलेल्या दोघींचं काय करायचं? देवीला परत कसं धाडणार? त्या वर्षापासून आमच्या घरी चार महालक्ष्म्या उभ्या राहतात. कुणी म्हणतं शास्त्रात बसत नाही. शास्त्र जेवायला आलं तर त्यालाही आंबील वाढू.

लातूरला पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सुशी खिडकीपाशी कॉटवर उशांना टेकून बसली होती. वेणी सुनेनं घातलेली, जरा वाकडी. मला बघितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यातूनच तिनं माझ्या साडीला नाक मुरडलं. म्हणजे सुशी आत होती. शाबूत होती. फक्त दार लागलं होतं.

मी तिच्या उशाशी बसले. डावा हात हातात घेतला. "सुशे, ऐक. मी सांगते, तू म्हण. भारत माझा देश आहे."

काही नाही.

पुन्हा सांगितलं. मग मोठ्यानं. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड कारकून उठून उभे राहिले असतील, इतक्या मोठ्यानं. सुशी नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी दुसरं वाक्य घेतलं, तिसरं घेतलं, थेट "सौख्य सामावले आहे" पर्यंत एकटीच जाऊन आले. तिनं ओठ घट्ट मिटले, मान वळवली आणि भिंतीकडं बघायला लागली.

"राहू द्या, मावशी," पश्या हळूच म्हणाला. "थकलीय ती."

मी मोरीत गेले, तोंडावर पाणी मारलं. आरशात एक म्हातारी रडत होती. बाहेर दवाखान्याचे कागद, गोळ्यांचे डबे, भिंतीकडं वळलेली ती वाकडी वेणी. एकशेचाळीस किलोमीटर येऊन मी तिला आणखी एक पाढा घातला होता.

आणि मग तोंड पुसता पुसता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मी काय केलं हे? हिला म्हणायला सांगितलं! सुशीनं जन्मात कधी कुणाच्या मागून प्रतिज्ञा म्हटली आहे का? चौथीपासून सातवीपर्यंत एक दिवस नाही. तिची जागा मी घेऊन बसले होते, आणि तिला माझ्या रांगेत उभं केलं होतं. मानी बाई ती, भिंतीकडं बघेल नाही तर काय करेल?

मी बाहेर आले. उशाशी गेले नाही. कॉटच्या पायथ्याशी, तिच्या अगदी समोर उभी राहिले. टाचा जुळवल्या. उजवा हात खांद्याइतका पुढं केला. आणि तोंड मिटलं.

"मावशी, काय करून राहिल्या?"

"गप. मागं उभा राहा. हात पुढं."

पस्तिशीचा बाप्या, पण गुमान माझ्यामागं उभा राहिला. पदराला हात पुसत सूनही आली आणि त्याच्यामागं उभी राहिली. सुशीनं भिंतीवरची नजर सावकाश काढली. मला बघितलं. रांग बघितली. किती वेळ गेला ते सांगत नाही. मी सांगितलेलं तुम्ही आता खरं धरणार नाही.

तिचा डावा हात हलला. त्यानं पांघरुणावरचा उजवा हात मनगटाशी धरला आणि वीतभर वर उचलला. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"भा," ती म्हणाली. मग, "भारत."

गळ्याच्या शिरा ताठ झाल्या तिच्या.

"माझा. देश. आहे."

आवाज कसला, पाटीवर ओढलेल्या पेन्सिलीसारखा. पश्यानं मागून माझा खांदा धरला. आता पाळी माझी होती. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. साऱ्या जगाला थापा मारून दमवणारी मी, चार साधे शब्द गळ्याशी येऊन अडकले. मागं दोघं हुंदके देत होते, त्यांच्याकडूनही काही निघेना.

सुशी थांबली होती. सांगणारी पुढचं वाक्य घेत नसते, समोरून आवाज आल्याशिवाय. हात तसाच उचललेला, कपाळावर घाम, डोळे माझ्यावर रोखलेले. अख्खा वर्ग माझ्यामुळं खोळंबला होता.

मी हात ताठ केला आणि म्हणाले.